घोरपडीचं शून्य कुणी उचललं?

पारूआत्यानं पाय तळापर्यंत दाबला, तरी घोरपड बैलाच्या चालीपेक्षा जास्त वेगानं जाईना.

घोरपड म्हणजे पारूआत्याची जीप. २०२४ साली बनलेली, म्हणजे या गोष्टीच्या वेळी सत्तावीस वर्षांची. उसापासून केलेल्या इथेनॉलवर ती चाले. खाली शहरात एव्हाना सगळ्या गाड्या विजेवर आणि चालकाविना धावत होत्या. पण खडकमाळच्या घाटात नेटवर्क नव्हतं, आणि दर पावसाळ्यात दरड कोसळून रस्ता थोडा थोडा सरकत असे. चालकाविना धावणारी गाडी पहिल्याच वळणावर थांबायची, "मार्ग उपलब्ध नाही" असं गोड आवाजात सांगायची आणि मागे फिरायची. घोरपड मात्र घाटाला चिकटून चढायची. वरच्या तीन वाड्यांमधली अकरा मुलं रोज तिच्यातून एकोणीस किलोमीटर खाली शाळेत जात.

"आत्या, तुझा पाय दुखतोय का गं?" मागच्या बाकावरून सात वर्षांच्या धुळूनं विचारलं.

"पाय माझा बरा हाय. हिचंच काय बिनसलंय बघ."

धूर नव्हता. खडखडाट नव्हता. इंजिन शांतपणे चालत होतं. समोर एक पिवळा दिवा तेवढा लागला होता. पाय दाबला काय आणि सोडला काय, गाडीला जणू त्याच्याशी देणंघेणंच नव्हतं. शेवटी मोठी मुलं उतरून चालत निघाली आणि गाडीच्या आधी वाडीवर पोहोचली. बारा वर्षांची मंजुळा ढेबे त्यांच्यात होती. पारूआत्या तिची सख्खी आत्या. चालता चालता मंजुळाच्या डोक्यात एकच प्रश्न घोळत होता : इंजिन चांगलं, पाय चांगला, मग मध्ये अडवतंय कोण?

पिवळा दिवा लागलेली गाडी नेटवर्कमध्ये शिरली, की आपली तक्रार ती स्वतःच तालुक्याच्या वाहन-निर्णय केंद्राला कळवत असे. दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी तसंच झालं. नियम साधा होता. पंचवीस वर्षांपेक्षा जुन्या गाडीच्या इंजिनात दोष निघाला, तर एका दिवसात निर्णय. भाग मिळत असेल तर दुरुस्ती, नाहीतर दाबयंत्र. दाबयंत्र गाडीचा एवढासा ठोकळा करत असे.

आणि घोरपड गेली, तर अकरा मुलांना साठ किलोमीटरवरच्या वसतिगृहात जावं लागणार होतं. धुळूलासुद्धा. तो अजून आईच्या कुशीशिवाय झोपत नव्हता.

*

घोरपड संध्याकाळी केंद्रात जमा झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता आत्या आणि मंजुळा निर्णय ऐकायला आल्या.

तपासनीस रोबोट कपाटाएवढा उंच होता. त्याला चार हात होते आणि छातीवर पडदा. नाव : निदान-चौदा. त्याच्या शेजारी खुर्चीवर पाटोळे साहेब बसले होते. अख्ख्या केंद्रात माणूस म्हणून ते एकटेच. रोबोटनं घेतलेल्या निर्णयाखाली अंगठा उमटवायचा, एवढंच त्यांचं काम होतं.

"दोष : थ्रॉटल सेन्सर," निदान-चौदा म्हणाला. "हा भाग २०४२ पासून बनत नाही. निर्णय : दाबयंत्र. वेळ : पाच वाजता."

पाटोळे साहेबांनी अंगठा पुढे केला.

"थांबा," मंजुळा म्हणाली. आवाज जरा जास्तच मोठा निघाला. "तिथं फलकावर लिहिलंय, नागरिकाच्या प्रत्येक प्रश्नाला तपासनीस उत्तर देईल. मी नागरिक आहे."

"बाळ," पाटोळे साहेब हसले, "रोबोटशी वाद घालून कुणी जिंकलंय का आजवर?"

"मी वाद नाही घालत. प्रश्न विचारतेय."

"इचारू द्या की साहेब," आत्या म्हणाली. "तुमचा अंगठा काय पळून चाललाय?"

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

"थ्रॉटल म्हणजे काय?" मंजुळानं विचारलं.

निदान-चौदा घोरपडीचं बॉनेट उघडून उभा राहिला. "इंजिनात इंधन जळतं. जळायला हवा लागते. हवा जिथून आत जाते त्या नळीत एक गोल झडप असते. ती थ्रॉटल. झडप थोडी उघडली तर थोडी हवा, थोडं इंधन, थोडा जोर. पूर्ण उघडली तर पूर्ण जोर."

"म्हणजे आत्या पाय दाबते तेव्हा झडप उघडते."

"नाही. पूर्वीच्या गाड्यांमध्ये पायापासून झडपेपर्यंत तार ओढलेली असे. या गाडीत तशी तार नाही. पाय किती दाबला ते एक सेन्सर (मोजून कळवणारा छोटा भाग) संगणकाला कळवतो. संगणक विचार करतो आणि छोट्या मोटरनं झडप फिरवतो. झडप खरोखर किती फिरली, ते झडपेवरचे सेन्सर उलट कळवतात."

मंजुळाला एकदम घाट आठवला. पाय आणि इंजिन यांच्यामध्ये तिसराच कुणीतरी बसलाय हे तिला त्या दिवशी जाणवलं होतं, ते चुकीचं नव्हतं तर.

"झडपेवरचे *सेन्सर*? एकापेक्षा जास्त आहेत?"

"दोन. एकच असता आणि तो बिघडला असता, तर झडप बंद असूनही उघडी वाटली असती, किंवा उलट. गाडी घाटात अचानक पळाली असती. म्हणून दोन ठेवतात, आणि तेही उलटसुलट. झडप उघडत जाते तसं पहिल्याचं व्होल्टेज (विजेचा दाब) वाढत जातं आणि दुसऱ्याचं तेवढंच उतरतं. त्यामुळे दोघांची बेरीज नेहमी पाच व्होल्ट राहते."

"सी-सॉसारखं."

"सी-सॉसारखं," रोबोटनं मान्य केलं. "बेरीज पाच आली नाही, तर संगणकाचा दोघांवरचाही विश्वास उडतो. तो झडप जेमतेम उघडी ठेवतो आणि पायाकडे लक्ष देणं बंद करतो. गाडी लंगडत घरी पोहोचते, पण पळत नाही. ही सुरक्षितता आहे."

"आणि दिवा लावतो."

"दिवा लावतो आणि एक कोड लिहून ठेवतो. मी तो कोड वाचला. तक्त्यात पाहिलं. या कोडसमोर लिहिलं आहे : थ्रॉटल सेन्सर बदला."

मंजुळानं मान तिरकी केली. "पण कोड नेमकं काय म्हणतो? सेन्सर बिघडला, असं?"

रोबोटच्या पडद्यावर अक्षरं सरकली. "नेमकं सांगायचं तर, नाही. कोड म्हणतो, दोन आकड्यांची बेरीज जुळत नाही."

"मग सेन्सर बिघडला असं कोण म्हणालं?"

"तक्ता."

"तक्त्यानं गाडी बघितली?"

"नाही."

"तू?"

"मी कोड वाचला," तो म्हणाला.

"म्हणजे गाडी नुसती 'माझं पोट दुखतंय' म्हणाली," मंजुळा म्हणाली, "आणि तुम्ही पोटच कापायला निघालात!"

पारूआत्या खो खो हसली. पाटोळे साहेबांना मात्र हसू आलं नाही. "पुरे झालं," ते म्हणाले. "साडेतीन होत आलेत."

"पाच वाजलेले नाहीत," मंजुळा म्हणाली. "बेरीज मोज. माझा हा पुढचा प्रश्न आहे. बेरीज किती येते?"

*

निदान-चौदानं मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) काढलं. त्याच्या काळ्या तारेचं टोक त्यानं बॅटरीच्या वजा टोकाला लावलं, कारण मोजणी नेहमी तिथल्या शून्यापासून सुरू होते. लाल तारेची बारीक सुई त्यानं सेन्सरच्या तारेला टेकवली. इंजिन बंद होतं, फक्त किल्ली फिरवलेली होती.

"झडपेत बोट घालू नका," तो मंजुळाला म्हणाला. "मोटर अचानक फिरली तर बोट चिरडेल. माझं बोट रबराचं आहे."

झडप बंद असताना पहिला सेन्सर १.०४ म्हणाला आणि दुसरा ४.५६. मंजुळानं तळहातावर पेननं बेरीज केली. ५.६०. रोबोटनं झडप अर्धी ढकलली. २.८० आणि २.८०. बेरीज ५.६०. पूर्ण उघडली. ४.५६ आणि १.०४.

"पुन्हा पाच पूर्णांक सहा!"

"बेरीज चुकीची आहे," रोबोट म्हणाला. "कोड बरोबर आहे."

"पण बघ ना, किती शिस्तीत चुकीची आहे!" मंजुळाचे डोळे चमकले. "सेन्सर खराब झाला असता तर तो कसा चुकला असता?"

"आतली पट्टी झिजते. जिथं झिजली तिथं आकडा उडी मारतो किंवा गळतो. बाकीच्या जागी बरोबर येतो."

"ही तर सगळीकडे बरोबर सहा दशांशानंच चुकतेय. झिजलेली वस्तू इतकी इमानदार असते का?"

निदान-चौदानं चारपैकी दोन हात खाली सोडले. रोबोट गोंधळला की असं करतो, हे मंजुळाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. "तक्त्यात हा प्रश्न नाही," तो म्हणाला.

"तक्ता ठेव बाजूला. इंजिनात आणखी कोणकोणते सेन्सर आहेत? ते काय म्हणतात?"

"इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं तापमान : बावीस अंश. आत येणाऱ्या हवेचं तापमान : बावीस अंश."

आत्यानं पदरानं मान पुसली. "बावीस? मेल्या, घामाच्या धारा लागल्यात हितं."

"खरंच," मंजुळा म्हणाली. "तू स्वतः मोज. संगणकाला विचारू नकोस, हात लावून बघ."

रोबोटनं एक तळवा इंजिनच्या लोखंडावर ठेवला, दुसरा हवेच्या नळीच्या तोंडाशी धरला. त्याच्या तळव्यात स्वतःचा तापमापक होता. "तीस. आणि तीस."

"तेही आठ-आठ अंशांनी चुकलेत. पण हे तर कमी दाखवतायत. ते झडपेवाले जास्त दाखवतात." मंजुळा जरा हिरमुसली.

"नाही," निदान-चौदा म्हणाला, आणि या वेळी तो विचारल्यावाचून बोलला. "तापमानाचे सेन्सर उलटे असतात. थंडी वाढली की त्यांचं व्होल्टेज वाढतं. कमी तापमान दाखवतात, याचा अर्थ व्होल्टेज जास्तच आहे. चारही आकडे वरच्या बाजूलाच चुकले आहेत."

मंजुळानं टाचा उंचावल्या. "आमच्या वर्गात चार जणांचं गणित सारखंच चुकलं ना, की गुरुजी चौघांना वेगवेगळं नाही शिकवत. ते विचारतात, वही कुणाची फिरली? या चौघांची वही कुठली? चौघांचं सामायिक काय आहे?"

"दोन तारा. एका तारेनं त्यांना पाच व्होल्ट मिळतात. दुसऱ्या तारेनं वीज परत जाते. तिला आपण परतीची तार म्हणू."

"पाचाच्या तारेत जास्त येत असणार! मोज, मोज."

सुई टेकली. पडद्यावर आलं : ५.००.

मंजुळानं दोनदा वाचलं. अगदी बरोबर पाच. पाटोळे साहेब खुर्चीतून उठले, पाठ ताणून म्हणाले, "छान प्रयत्न केलास हो पोरी. मनापासून सांगतो. पण आता क्रेन बोलावतो."

छताखालची पिवळी क्रेन आवाज करत सरकायला लागली. तिचे दोन हूक घोरपडीच्या दिशेनं खाली येऊ लागले.

पारूआत्यानं जीपचं दार उघडलं, चालकाच्या जागेवर बसली, दार लावून घेतलं आणि खिडकीतून हात बाहेर काढून दारावर टेकवला. रोज मुलांची वाट बघताना बसायची तशी.

"ओ बाई, उतरा खाली!"

"न्हाई उतरत. हिला दाबायचं तर मलाबी संगं दाबा. दोघींचा मिळून एक ठोकळा करा, शाळेम्होरं ठेवा."

आत माणूस असल्याचं कळताच क्रेन आपोआप थांबली. तो तिचा नियम होता. पाटोळे साहेबांनी कपाळाला हात लावला. मंजुळा मात्र तळहातावरच्या आकड्यांकडे बघत होती.

"परतीच्या तारेत किती असायला हवं?" तिनं विचारलं.

"शून्य. किंवा शून्याच्या अगदी जवळ."

"आणि आहे किती?"

लाल सुई परतीच्या तारेला टेकली.

०.६०.

मंजुळा एकदम म्हणाली, "धुळूची उंची आम्ही दाराच्या चौकटीवर मोजतो. एकदा तो लबाड पाटावर उभा राहिला होता. एका दिवसात चार बोटं वाढला! त्याचं डोकं खोटं नव्हतं. पायाखालचं शून्य खोटं होतं." ती रोबोटकडे वळली. "हे चौघंही तसेच पाटावर उभे आहेत का?"

"होय," निदान-चौदा म्हणाला. त्याच्या पडद्यावर आकडे भराभर मांडले जाऊ लागले. "सेन्सरचं शून्य सहा दशांशांनी वर उचललं गेलं आहे. मग सेन्सर शून्य ते पाचाच्या ऐवजी सहा दशांश ते पाचाच्या मध्ये मोजतो. सी-सॉचं एक टोक जमिनीऐवजी पाटावर. तशी बेरीज केली तर पाच अधिक सहा दशांश. ५.६०. अगदी तेवढंच. सेन्सर निर्दोष आहेत. दोष त्यांच्या पायाखाली आहे."

पाटाचं उदाहरण थोडं ओढूनताणून आणलेलं वाटेल, पण शास्त्राच्या दृष्टीनं ते खरं आहे. कुठलंही माप हे दोन जागांमधलं अंतर असतं. आपण वरच्या टोकाकडे बघत राहतो आणि खालचं टोक जागेवर आहे असं गृहीत धरतो.

"शून्य उचललं कुणी?" मंजुळानं विचारलं.

*

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. आता प्रश्न विचारायची गरज कमी झाली होती. निदान-चौदा स्वतःच तारेमागे लागला होता.

"परतीची तार सेन्सरकडून निघते, वाटेत एका जोडातून जाते आणि संगणकापाशी पोहोचते," तो सांगत होता. "तारेत कुठं अडथळा असेल, तर वाहणाऱ्या विजेचा दाब त्या अडथळ्याच्या अलीकडे साचतो. बंधाऱ्याच्या अलीकडे पाणी चढतं तसा. मी जोडाच्या दोन्ही बाजूंना मोजतो. सेन्सरच्या बाजूला : सहा दशांश. संगणकाच्या बाजूला : शून्य."

"म्हणजे बंधारा जोडातच!"

रोबोटनं आधी बॅटरीची वजा तार सोडवली, मग जोडाची कडी दाबून दोन तुकडे वेगळे केले. आत दहा पितळी टाचण्या होत्या. नऊ पिवळ्या होत्या. एकीवर हिरवट, भुकटीसारखी साय धरली होती.

"तांब्याचा गंज," रोबोट म्हणाला. "तांबं, ओल आणि क्षार एकत्र आले की होतो. पितळेत तांबं असतंच. या गंजातून वीज नीट वाहत नाही. पण हा जोड बॉनेटच्या खाली मधोमध आहे. पावसाचं पाणी इथं पोहोचत नाही. आणि पावसाच्या पाण्यात इतके क्षार नसतात. क्षार कुठून आले, याची माहिती माझ्याकडे नाही."

जीपमध्ये बसलेल्या पारूआत्यानं दारावरचा हात आत घेतला आणि नजर दुसरीकडे वळवली.

"आत्या?" मंजुळा म्हणाली.

"काय न्हाई."

"आत्या!"

आत्यानं खिडकीतून मान बाहेर काढली. "आगं, खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो का न्हाई? कोयता, विळा, कुऱ्हाड. तशी हिची पण करते. धुते, हळदीकुंकू लावते, हार घालते."

"मग?"

"समदे लोक नारळ चाकापुढं फोडतात. मला वाटलं, गाडी चालवतंय कोण? चाक का इंजिन? मग बॉनेट उघडून नारळ तितंच फोडते आन् पाणी देवाला वाहिल्यावानी इंजिनावर सोडते. दरसाल. सत्तावीस वर्सं पोटभर नारळपाणी पाजलंय की गं मी हिला!"

पाटोळे साहेब इतक्या जोरात हसले, की त्यांचा चष्मा घसरला. "अहो बाई, देवानं प्रसाद घेतला म्हणायचा!"

"हसा, हसा. तुमच्या यंत्राला तक्त्यात सापडलं का ते?"

साहेबांचं हसू अर्ध्यावर थांबलं.

"नारळाच्या पाण्यात पोटॅशियम, सोडियम यांचे क्षार असतात," निदान-चौदा गंभीरपणे म्हणाला. "माणसाला ते चांगले. पितळी टाचणीला नाहीत. पाणी वाळून जातं, क्षार मागे राहतात आणि पुन्हा पुन्हा हवेतली ओल ओढून घेतात. हा दोष थेंबाथेंबानं वाढला असणार. या वर्षी तो सीमेच्या पलीकडे गेला."

"पूजा चुकली व्हय रं माझी?" आत्यानं विचारलं. पहिल्यांदाच तिचा आवाज बारीक झाला होता.

मंजुळा पटकन म्हणाली, "पूजा नाही चुकली. जागा चुकली. पुढच्या वर्षी चाकापुढं फोड."

चार वाजून पस्तीस मिनिटांनी पहिला भोंगा झाला. दाबयंत्र गरम व्हायला लागलं होतं. निदान-चौदानं जोड साफ करायच्या औषधाचा फवारा मारला. टाचणीवर पितळी ब्रश फिरवणं मात्र त्याच्या रबरी बोटांना जमेना. बोटं जाड होती. शेजारच्या टाचणीला धक्का लागत होता.

"दे इकडं," मंजुळा म्हणाली.

"हे काम तपासनिसाचं आहे," पाटोळे साहेब म्हणाले. "नियमात बसत नाही."

"कुठल्या नियमात लिहिलंय? दाखवा मला."

साहेब दोन पावलं मागे सरले.

मंजुळानं श्वास रोखून ब्रश फिरवला. हिरवी भुकटी गळून पडली. पुन्हा फवारा, पुन्हा ब्रश. पितळ हळूहळू पिवळं दिसू लागलं. टाचणी किंचित वाकली होती, ती तिनं नखानं सरळ केली. रोबोटनं जोड वाळवला, तोंडाशी रबराची नवी कडी बसवली, म्हणजे पुन्हा ओल शिरणार नाही. कट्ट असा आवाज करत जोड लागला. बॅटरीची तार जागेवर आली.

परतीची तार : ०.०२.

झडप बंद, झडप अर्धी, झडप पूर्ण. ५.०२, ५.०२, ५.०२.

पाण्याचं तापमान तीस. हवेचं तापमान तीस.

"पण दिवा अजून पेटलेलाच आहे," पाटोळे साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात आता अडवण्याचा सूर नव्हता. खरोखरच काळजी होती.

"ती जुनी तक्रार आहे. संगणकाच्या स्मरणात राहिली आहे," निदान-चौदा म्हणाला. "आधी पुसली असती तर ती थोड्या वेळात पुन्हा आली असती. आता पुसतो." दिवा विझला. "चालक, कृपया इंजिन सुरू करा."

आत्यानं किल्ली फिरवली. इंजिन लागलं. तिनं पाय हळूच दाबला. मग जरा जास्त. मग तळापर्यंत.

घोरपड गरजली. केंद्राच्या पत्र्याच्या छतावरून दहा-बारा कबुतरं एकदम उडाली.

मंजुळानं फक्त बघितलं, की पिवळा दिवा पुन्हा लागतोय का. लागला नाही.

*

पाच वाजायला सहा मिनिटं असताना पाटोळे साहेबांनी अंगठा उमटवला. पडद्यावर निर्णय होता : वाहन सक्षम. त्याच्या खाली 'निदान कुणी केलं' असा रकाना होता. तिथं निदान-चौदा एवढंच आपोआप छापलं गेलं.

"हे खोटं आहे," मंजुळा म्हणाली.

"त्या रकान्यात माणसाचं नाव बसत नाही गं," साहेब म्हणाले. "यंत्राचा क्रमांकच लागतो."

"मग रकाना चुकलाय."

निदान-चौदानं रकाना मोठा केला. त्याला तसं करता येतं, हे साहेबांना ठाऊक नव्हतं. त्यानं लिहिलं : मंजुळा ढेबे, पार्वती ढेबे, निदान-चौदा. मग तो तसाच उभा राहिला.

"मला एक माहिती सांगायची आहे," तो म्हणाला. "या वर्षी मी दोनशे बारा गाड्यांना तक्त्यावरून निर्णय दिला. त्यांच्या परतीच्या तारा मी मोजल्या नाहीत."

"त्या गाड्या कुठं आहेत?"

"दोनशे तीन दाबल्या गेल्या. नऊ मागच्या आवारात आहेत. उद्या सकाळी त्यांची पाळी आहे."

मंजुळा मागच्या आवाराकडे निघालीसुद्धा. आत्यानं भोंगा वाजवला. "ए, कुठं चाललीस? घाट चढायचाय. उद्या शाळा हाय!"

उद्या शाळा आहे. हे शब्द ऐकून मंजुळाचे पाय थबकले. सकाळपासून कुणी ते म्हणायला धजावलं नव्हतं.

"पण आत्या, नऊ गाड्या—"

"शाळा सुटल्यावर ये. मीच आणीन तुला."

"तोवर त्या ठोकळे होतील!"

"होणार नाहीत," निदान-चौदा म्हणाला. "त्या नऊ निर्णयांखालचं माझं नाव मी आत्ताच काढून घेतलं. माझ्या नावाशिवाय त्यांवर अंगठा चालत नाही."

पाटोळे साहेब खुर्चीत ताठ बसले. "अरे, असं तुला करता येतं?"

"आज दुपारी तीनपर्यंत मला माहीत नव्हतं."

साहेबांनी टेबलाच्या खणातून एक जुनं, पिवळं पडलेलं मल्टिमीटर काढलं, शर्टाच्या बाहीनं पुसलं आणि मंजुळासमोर धरलं. "माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षाचं आहे. तेव्हा हे काम माणसं करायची. उद्या चार वाजता मी फाटक उघडं ठेवतो. मलाही दोन गाड्या बघू दे. अंगठ्यानं नाही, डोळ्यांनी."

खडकमाळच्या पहिल्या वळणावर त्यांच्या पुढे एक चालकाविना गाडी उभी होती. ती गोड आवाजात "मार्ग उपलब्ध नाही" म्हणाली आणि मागे फिरली. पारूआत्यानं तिला वाट दिली, गिअर बदलला आणि पाय दाबला.

"आता किती उघडली असेल गं झडप?" तिनं विचारलं.

"पाऊण," मंजुळा म्हणाली. "दाब अजून."